जिनिव्हातला ठराव आणि दिग्रसचा फवारणी पंप : आंतरराष्ट्रीय पर्यावरण करारांचा कारभार कसा चालतो?

२०१७ चा खरीप हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कुणाची दृष्टी काही दिवस गेली, कुणी आठवडाभर शुद्धीवर नव्हतं. तेव्हापासून आम्ही दिग्रस, दारव्हा, आर्णी भागात शेतमजुरांच्या वस्त्यांवर बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "हे औषध त्यांच्या देशात चालत नाही म्हणतात, मग आमच्याकडे कसं काय येतं? हे ठरवतं कोण?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तराचा माग दिग्रसच्या कृषी सेवा केंद्रापासून दिल्लीच्या कृषी मंत्रालयापर्यंत आणि तिथून रोम आणि जिनिव्हापर्यंत जातो. आपले बरेच कार्यकर्ते 'आंतरराष्ट्रीय करार' हा शब्द ऐकला की तो विषय मोठ्या लोकांचा म्हणून सोडून देतात. आमचा अनुभव सांगतो की तो सोडून चालणार नाही. या करारांचं काम ज्या कागदांवर चालतं, त्यातला पहिला कागद आपल्या ग्रामीण रुग्णालयात लिहिला जातो किंवा लिहायचा राहून जातो. म्हणून हा कारभार कसा चालतो ते इथे क्रमाने मांडतो आहोत.

करार कोणते?

विषारी रसायनांशी संबंधित चार मोठे जागतिक करार आहेत आणि भारत चारही करारांचा सदस्य आहे.

बासेल करार १९८९ चा. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर तो नियंत्रण ठेवतो.

रॉटरडॅम करार १० सप्टेंबर १९९८ रोजी स्वीकारला गेला आणि २४ फेब्रुवारी २००४ पासून लागू झाला. भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला. घातक रसायनं आणि कीटकनाशकं दुसऱ्या देशात पाठवण्याआधी त्या देशाची माहितीपूर्ण संमती घेतली पाहिजे, हा त्याचा गाभा.

स्टॉकहोम करार २००१ चा. वर्षानुवर्षं नष्ट न होणारी, अन्नसाखळीत साचत जाणारी रसायनं हळूहळू बंद करणं हा त्याचा उद्देश. भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली.

मिनामाता करार २०१३ चा आणि पाऱ्यापुरता आहे. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला.

फवारणीच्या विषबाधेशी थेट संबंध येतो तो रॉटरडॅम कराराचा, आणि काही औषधांबाबत स्टॉकहोम कराराचा. पुढे बोलायचं आहे ते मुख्यतः या दोघांबद्दल.

करार चालवतं कोण?

सगळ्यात वर असते सदस्य राष्ट्रांची परिषद. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'कॉप' म्हणतात. हवामान बदलाच्या बातम्यांमुळे हा शब्द आपल्या कानावर आहे, पण प्रत्येक कराराची स्वतःची वेगळी कॉप असते. रॉटरडॅम कराराला १६० हून अधिक सदस्य आहेत. त्यांची परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरते, आणि २०१३ पासून बासेल, रॉटरडॅम आणि स्टॉकहोम या तिन्हींच्या परिषदा एकामागोमाग एकाच ठिकाणी घेतल्या जातात. कोणतं रसायन यादीत घालायचं, अंदाजपत्रक किती, नियमांत बदल काय, याचा शेवटचा शब्द कॉपचा. तिथे देशाच्या वतीने सरकारी शिष्टमंडळ बोलतं.

दोन परिषदांच्या मधल्या काळात काम पाहतो तो ब्यूरो, म्हणजे निरनिराळ्या भूप्रदेशांतून निवडलेल्या पदाधिकाऱ्यांचं छोटं मंडळ.

त्याखाली तज्ज्ञ समिती. रॉटरडॅम कराराच्या रसायन पुनर्विलोकन समितीत ३१ तज्ज्ञ असतात. त्यांची नावं सरकारं देतात आणि नेमणूक परिषद करते. पुरावा पुरेसा आहे की नाही हे ही समिती तपासते आणि परिषदेला शिफारस करते. निर्णय घेण्याचा अधिकार तिला नाही. स्टॉकहोम करारातही अशीच ३१ जणांची समिती आहे.

रोजचा कारभार सचिवालय बघतं. रॉटरडॅमचं सचिवालय संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना मिळून चालवतात. त्याचा एक पाय जिनिव्हात, दुसरा रोममध्ये. कागद मागवणं, पाठवणं, सभा भरवणं हे त्याचं काम. सचिवालय कोणत्याही देशाला हुकूम देऊ शकत नाही.

या साखळीची आपल्याकडची कडी म्हणजे प्रत्येक देशाने नेमलेला राष्ट्रीय प्राधिकारी. कीटकनाशकांसाठी आपला हा प्राधिकारी केंद्रीय कृषी मंत्रालयात आहे. भारतातून सचिवालयाकडे जाणारा प्रस्ताव, सूचना किंवा उत्तर त्याच्या सहीनेच जातं. एखादी संस्था किंवा ग्रामपंचायत थेट रोमला प्रस्ताव पाठवू शकत नाही.

औषध यादीत येतं कसं?

रॉटरडॅम कराराची मुख्य यादी म्हणजे परिशिष्ट ३. त्यात पन्नासहून अधिक रसायनं आहेत. त्या यादीत जाण्याचे रस्ते दोन.

पहिला रस्ता बंदीचा. एखाद्या देशाने आरोग्य किंवा पर्यावरणाच्या कारणावरून एखाद्या रसायनावर बंदी घातली किंवा कडक निर्बंध लादले, की त्याने ते सचिवालयाला कळवायचं. जगाच्या दोन वेगळ्या भूप्रदेशांतून अशी निदान एकेक सूचना आली आणि ती नियमात बसली, की प्रकरण तज्ज्ञ समितीपुढे जातं.

दुसरा रस्ता आपल्यासारख्यांसाठी आहे. कराराच्या कलम ६ प्रमाणे, ज्या विकसनशील देशात एखादं कीटकनाशक प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत लोकांना इजा करतं आहे, तो देश एकटा प्रस्ताव पाठवू शकतो. आधी स्वतः बंदी घातलेली असण्याची अट नाही. दुसऱ्या देशाची वाट पाहायची गरज नाही.

या प्रस्तावात काय लागतं ते नीट वाचावं. औषधाचं व्यापारी नाव, त्यातला सक्रिय घटक, त्याचं प्रमाण, वापरायची पद्धत, आणि घडलेल्या घटनांचं स्पष्ट वर्णन: कुणाला, कशी, काय इजा झाली. समिती पुढे पाहते की पुरावा विश्वासार्ह आहे का, असंच हवामान आणि अशीच शेतीपद्धत असलेल्या इतर देशांनाही तो लागू पडतो का, आणि डब्यावर लिहिलेली सुरक्षेची साधनं त्या भागात सर्वसाधारणपणे वापरता येण्यासारखी आहेत का. ऑक्टोबर हीटमध्ये, छातीएवढ्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन प्लास्टिकचा अंगभर पोशाख घालून दिवसभर फवारणी करता येते का, हा आपला रोजचा प्रश्न कराराच्या निकषांतच बसलेला आहे.

आणखी एक अट आहे. जाणूनबुजून केलेला गैरवापर एवढंच कारण असेल, तर ते यादीत घालायला पुरेसं धरलं जात नाही. या अटीकडे पुढे परत यायचं आहे.

या दुसऱ्या रस्त्याने जाता येतं हे आफ्रिकेतल्या दोन गरीब देशांनी दाखवलं. बुर्किना फासोने पॅराक्वाट या तणनाशकाचा प्रस्ताव दिला आणि चाडने फेन्थिऑनचा. फेन्थिऑनची ती तीव्र मिश्रणं २०२५ च्या जिनिव्हा परिषदेत यादीत आली. पॅराक्वाट मात्र दशकभराहून अधिक काळ अडकून पडलं आहे. का, ते पुढे पाहू.

यादीत नाव आलं म्हणजे बंदी आली का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. रॉटरडॅमच्या यादीत नाव आलं की सचिवालय प्रत्येक देशाला त्या रसायनाची माहितीपुस्तिका पाठवतं. देशाने नऊ महिन्यांच्या आत कळवायचं असतं: आयातीला संमती आहे, नाही, किंवा अमुक अटींवर आहे. निर्यात करणाऱ्या देशाने ते उत्तर पाळायचं असतं.

यात एक बारीक कलम आहे. एखाद्या देशाने आयात नाकारली तर त्याला ते रसायन कुठल्याही देशातून घेता येत नाही, आणि देशातल्या वापरासाठी स्वतःच्या कारखान्यांतलं उत्पादनही बंद करावं लागतं. बाहेरच्याला दार बंद आणि घरच्याला उघडं, असं चालत नाही.

पण देशाने नाकारलंच नाही तर? मोनोक्रोटोफॉस हे त्याचं उदाहरण. २००४ पासून ते परिशिष्ट ३ मध्ये आहे. भारतात ते बनत राहिलं, विकलं जात राहिलं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली, तेव्हा अन्नात सापडलेलं विष हेच होतं. २०१७ मध्ये यवतमाळच्या फवारणीतही त्याचं नाव आलं. म्हणजे जगाच्या यादीत असलेलं औषध आपल्या बाजारात राहिलं, आणि त्यात कराराचा भंग झाला असंही म्हणता येत नाही. करार देशाला माहिती देतो आणि नाही म्हणण्याचा हक्क देतो. तो हक्क वापरायचा की नाही हे दिल्ली ठरवते.

स्टॉकहोम करार यापेक्षा कडक आहे. त्याच्या परिशिष्ट 'अ'मध्ये गेलेल्या रसायनाचं उत्पादन आणि वापर थांबवावा लागतो, काही ठरावीक सवलती आणि मुदती सोडून. तिथेही भारताने एक कुलूप ठेवलेलं आहे: यादीत पडणारी प्रत्येक नवी भर भारत स्वतंत्रपणे मान्य करेल तेव्हाच ती भारतावर बंधनकारक ठरते.

एकमत, आणि एका देशाचा नकार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की संसदीय कामकाजाचे नियम बौद्ध भिक्खू संघांना माहीत होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं तिथे होतं. विनयातली पद्धत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. महत्त्वाच्या कामात आधी ज्ञप्ती मांडायची, मग तीनदा विचारायचं, आणि संघ गप्प राहिला तर संमती समजायची. वाद मिटतच नसेल तर शलाका वाटून बहुमत घ्यायचं.

कॉपमध्ये पहिला भाग हुबेहूब असाच चालतो. अध्यक्ष मसुदा मांडतात, "हरकत?" विचारतात, कुणी बोललं नाही की हातोडा पडतो आणि ठराव मंजूर. स्टॉकहोम करारात शलाकेचीही सोय आहे. एकमताचे सगळे प्रयत्न थकले तर तीन-चतुर्थांश बहुमताने नवं रसायन यादीत घालता येतं. रॉटरडॅमच्या परिशिष्ट ३ साठी ती सोय नाही. तिथे एकमतच लागतं. तज्ज्ञ समितीने पुरावा मान्य केला, दीडशे देश तयार असले, तरी एका शिष्टमंडळाने हात वर केला की प्रकरण दोन वर्षं पुढे.

क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉस २००६ पासून असंच लटकलं आहे. पॅराक्वाट २०१३ पासून परिषदेपुढे येतं आणि परत जातं. पॅराक्वाटला विरोध करणाऱ्या मोजक्या देशांत भारताचंही नाव राहिलं आहे. २०२३ च्या परिषदेत काही देशांनी वेगळी वाट सुचवली. जिथे एकमत होत नाही अशा रसायनांसाठी नवं परिशिष्ट करावं आणि त्याचा निर्णय बहुमताने व्हावा, अशी ती दुरुस्ती होती. मतदान झालं, पण लागणारी तीन-चतुर्थांश मतं मिळाली नाहीत.

एकमताची पद्धत सरसकट वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. तिच्यामुळे बलाढ्य देशांना लहान देशांवर निर्णय लादता येत नाहीत. प्रश्न असा की नकार देणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे: फवारणारा मजूर की विकणारा उद्योग?

एंडोसल्फानचा इतिहास या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हे औषध वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून फवारलं गेलं, आणि तिथल्या लोकांनी आजारी मुलांच्या नोंदी, सर्वेक्षणं, डॉक्टरांच्या साक्षी जमवत राहून प्रश्न जिवंत ठेवला. भारत तेव्हा एंडोसल्फानचा मोठा उत्पादक होता आणि त्याने स्टॉकहोमच्या तज्ज्ञ समितीत विरोध केला. अखेर एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत, काही पिकांसाठी मुदतीची सवलत घेऊन, भारत तयार झाला. पुढच्याच महिन्यात, १३ मे २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. जिनिव्हातला दबाव, न्यायालय आणि कासरगोडच्या नोंदवह्या एकमेकींना पूरक ठरल्या.

अलीकडचं उदाहरण क्लोरपायरीफॉसचं. मे २०२५ मध्ये ते स्टॉकहोमच्या यादीत गेलं, काही पिकं आणि किडींसाठी सवलती ठेवून. आपल्याकडे वाळवीपासून कपाशीपर्यंत ते वापरलं जातं. भारत ही भर कधी मान्य करतो याकडे आपलं लक्ष हवं.

मग यवतमाळचं काय झालं?

राज्य सरकारने अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याने पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांची विक्री थांबवली, पण ६० दिवसांसाठीच. कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातलं कलम २७ राज्याला तेवढीच मुदत देतं, फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. केंद्राने २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यातल्या मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलवर अंतिम आदेश निघाला तो २०२३ मध्ये, साठा संपवायला एक वर्षाची मुदत देऊन. यवतमाळच्या मृत्यूंनंतर सहा वर्षांनी.

त्या पाचांतलं डायफेन्थियुरॉन 'पोलो' या नावाने विकलं जात होतं. ते बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीच्या मायदेशात, स्वित्झर्लंडमध्ये, त्याच्या वापराला परवानगी नाही. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यातल्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने तिथल्या सरकारी संपर्क केंद्राकडे तक्रार दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली आणि ती प्रक्रिया तोडगा न निघता संपली. काही कुटुंबं बासेलच्या दिवाणी न्यायालयात गेली. दरम्यान स्विस सरकारने १ जानेवारी २०२१ पासून डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस आणि पॅराक्वाट यांच्यासह पाच कीटकनाशकांची निर्यात थांबवली. हा त्या देशाचा स्वतःचा निर्णय होता. डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस रॉटरडॅमच्या यादीत आजही नाहीत.

आपला कागद कुठे अडतो?

आता ती अट आठवा: जाणूनबुजून केलेला गैरवापर पुरेसं कारण नाही. आपल्याकडे विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात आला की पहिला संशय आत्महत्येचा. केसपेपरवर 'अज्ञात विष' किंवा नुसतं 'ओपी पॉयझनिंग' लिहिलं जातं. फवारताना बाधा झाली, किती तास फवारलं, कोणतं औषध होतं, कशात काय मिसळलं होतं, हे लिहायचं राहतं. मजूर घरी जातो, डबा नाल्यात जातो, आणि कलम ६ ला हवा असलेला पुरावा त्याच दिवशी संपतो.

हे उपचारासाठीही घातक आहे. डायफेन्थियुरॉन हे ऑर्गेनोफॉस्फेट नाही, त्यामुळे ॲट्रोपिनचा उतारा त्याला लागू पडत नाही. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं तर चुकीचा उपचार टळतो.

फवारणीचा पंप ज्यांच्या पाठीवर असतो ते, आमच्या फिरण्यातल्या गावांत, बहुतेक भूमिहीन आहेत. औषध मालक आणतो, मिश्रण कधी तोच करतो, मजुराला डब्याचा रंग तेवढा माहीत असतो. शिकलेल्या तरुणांनी इथे उभं राहायला हवं. प्रत्येक गावात दोन जणांनी ठरवलं तर हे जमण्यासारखं आहे:

१. बाधा झाली की आधी दवाखाना. जाताना डबा किंवा पुडी सोबत न्यायची. निदान मोबाइलवर लेबलचा फोटो काढायचा: व्यापारी नाव, सक्रिय घटक, टक्केवारी, बॅच क्रमांक आणि विषारीपणाचा त्रिकोण. लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, निळा, हिरवा.

२. केसपेपरवर 'फवारणी करताना विषबाधा' असं आणि औषधाचं नाव लिहून घेण्याचा आग्रह धरायचा. कागदाची प्रत ठेवायची.

३. गावाची एक वही ठेवायची. तारीख, पीक, औषध, किती वेळ फवारलं, अंगावर काय होतं, लक्षणं, दवाखाना. नाव लिहिण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यायची, आणि वही इकडेतिकडे फिरू द्यायची नाही.

४. हंगाम संपला की या नोंदी तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायच्या, पोच घ्यायची, आणि त्याची प्रत केंद्रीय कृषी मंत्रालयातल्या राष्ट्रीय प्राधिकाऱ्याकडे पाठवायची.

५. माहितीच्या अधिकारात विचारायचं: यवतमाळच्या घटनांबाबत कलम ६ खाली प्रस्ताव पाठवला का? आपल्या देशात बंदी असलेलं रसायन पाठवताना निर्यातदार देशाने आधी सूचना द्यायची असते, तशा कोणत्या सूचना आल्या? पुढच्या परिषदेत भारताची भूमिका काय?

६. खासदारांना संसदेत हाच प्रश्न विचारायला सांगायचं. जिनिव्हात हात वर करणारं शिष्टमंडळ संसदेला उत्तरदायी असलेल्या सरकारचं असतं.

परिषदांना संस्था निरीक्षक म्हणून हजर राहू शकतात. त्यांना मत नसतं, पण बोलण्याची संधी मिळते, आणि बाधितांच्या नोंदी हातात असलेल्या माणसाचं बोलणं वजनदार ठरतं. कासरगोडचं उदाहरण समोर आहे. आपल्या जिल्ह्यात मृत्यू झाले, बातम्या झाल्या, पथक आलं आणि गेलं. गावागावातली सलग नोंद मात्र अजून उभी राहिलेली नाही.

दिग्रस परिसरात यंदा फवारणी सुरू होण्याआधी वस्तीवस्तीत अशी वही सुरू करायची आम्ही ठरवलं आहे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. आपल्या गावातही ती सुरू करा. शंभर पानी वही वीस-तीस रुपयांत मिळते.

जय भीम.